मार्गळीतलं टी. नगर

आपल्याकडे धुंधुरमासात भल्या पहाटे खिचडीचा नैवेद्य होतो, बाजरीची भाकरी लोण्याबरोबर खाल्ली जाते. चेन्नईत तोच महिना मार्गळीचा. पहाटे देवळात तिरुप्पावैची स्तोत्रं, द्रोणात गरम पोंगल आणि मग रात्रीपर्यंत गाणं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शहरातल्या सभा एकाच वेळी कार्यक्रम लावतात. सवाई गंधर्वला आपण एका मंडपात, एका मंचासमोर बसतो. इथे मंडप नाही, सूत्रधारही नाही. आज संध्याकाळी कोणाला ऐकायचं, त्यासाठी कोणाला सोडायचं, हे रसिकानंच ठरवायचं आणि रिक्षा पकडायची.

सुरुवात झाली 1927 च्या डिसेंबरात. मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि त्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकॅडमी उभी राहिली. पुढे पेठेपेठेत सभा निघाल्या. सभा म्हणजे वर्गणीदारांची संस्था, तिच्यात सचिवाचा शब्द अखेरचा.

टी. नगरात या सभा रुजाव्यात यात थोडी गंमत आहे. 1920 च्या दशकात एक मोठा तलाव बुजवून ही वस्ती आखली. नाव मिळालं पिट्टी त्यागराय चेट्टींचं आणि मधल्या बागेला पानगलच्या राजांचं. दोघेही जस्टिस पार्टीचे, म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी. आणि सभागृहांतला श्रोता आणि गायक मात्र बहुतांशी ब्राह्मण!

जी. एन. चेट्टी रस्त्यावरचं वाणी महाल हे चित्तूर नागय्यांचं काम. ते तेलुगू-तमिळ पडद्यावरचे गायक-नट. 1946 च्या ‘त्यागय्या’त त्यांनी त्यागराजांची भूमिका केली. वाणी महालातल्या सभेचं नावही त्यागब्रह्म गान सभा. पलीकडे महाराजपुरम संतानम रस्त्यावर श्रीकृष्ण गान सभा आहे. तिचा गोकुळाष्टमीचा उत्सव जुना, पण तिची खरी कमाई नाट्यकला परिषद. 1981 पासून भरणाऱ्या या परिषदेत सकाळी नर्तक आणि अभ्यासक प्रात्यक्षिकांसह वाद घालतात. मला संध्याकाळच्या चकचकीत कार्यक्रमांपेक्षा या सकाळी जास्त मोलाच्या वाटतात.

सभेचा दिवस चढत जातो. दुपारी नवखे गातात, प्रवेश बहुधा फुकट, खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळी नामवंत आणि तिकीट. कचेरीचा, म्हणजे मैफलीचा, आजचा साचा अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी घडवला: आधी वर्णम्, मग कृती, मध्ये एक भारदस्त राग आणि त्याला जोडून मृदंगाची तनी आवर्तनम्, म्हणजे एकल वादन. ही तनी सुरू झाली की अर्धं सभागृह उठून उपाहारगृहाकडे निघतं. मृदंगवादक यावर कित्येक वर्षं चिडलेले आहेत, पण रवा डोसा आणि फिल्टर कॉफीपुढे त्यांचं काही चालत नाही. काही सभांची कीर्ती गवयापेक्षा आचाऱ्यावर टिकून असते. पैसा येतो तो प्रायोजकांकडून, आणि त्यांत साडीवाले पुढे: पानगल बागेजवळच्या ‘नल्ली’चे कुप्पुस्वामी चेट्टी अनेक सभांचे आश्रयदाते. समोरच्या रांगांतलं कांचीपुरम पाहिलं की हा व्यवहार समजतो.

मराठी श्रोत्यानं तनीनंतरही बसून राहावं. शेवटच्या हलक्याफुलक्या भागात हमखास अभंग येतो. अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या मुंबईत वाढलेल्या गायिकांनी तो इतका लोकप्रिय केला, की तमिळ आजीबाई विठ्ठलनामावर टाळ्यांचा ठेका धरतात. पण ओळख त्याहून जुनी आहे. तंजावरात व्यंकोजीच्या वंशाचं राज्य होतं, मराठी कीर्तनकार तिकडे जात. मोरगावकर बुवांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं वळण दिलं. साकी, दिंडी, ओवी हे छंद तिथल्या कथाकारांना आजही पाठ असतात.

या हंगामातल्या जातीच्या वर्चस्वावर बोट ठेवून गायक टी. एम. कृष्णा यांनी 2015 पासून डिसेंबरात गाणं थांबवलं. ऊरूर आल्काट कुप्पम् या कोळीवाड्यात त्यांनी इतरांच्या साथीनं कलाउत्सवही सुरू केला. 2024 साली अकॅडमीनं त्यांनाच संगीत कलानिधी ही पदवी जाहीर केली, तेव्हा निषेध म्हणून अकॅडमीच्या त्या वर्षीच्या परिषदेतून माघार घेणाऱ्यांत रंजनी-गायत्रीही होत्या. चोखोबा-तुकोबांचे अभंग जिथे टाळ्या घेतात, तिथे कोणी गावं आणि कोणासाठी गावं, हे भांडण अजून मिटलेलं नाही.