द्राक्षरसासोबतच्या पुड्या

कॅनडा, ब्रिटन व अमेरिकेत घरगुती वाइननिर्मितीसाठी मिळणाऱ्या संचांत द्राक्षरस आणि यीस्टबरोबर काही लहान पुड्या असतात. त्यांपैकी बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली चिकणमाती असून तिच्या कणांवरील ऋण विद्युतभार रसातील धनभारित प्रथिनांना ओढून तळाशी नेतो व वाइन नितळ होते.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचे कार्य अधिक गुंतागुंतीचे आहे. रसात विरघळताच त्यापासून वजनाच्या सुमारे 57 टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो; मात्र जंतूंना रोखण्याचे काम प्रामुख्याने त्याचा आण्विक, म्हणजे आयनांत न विभागलेला, अंशच करतो. आम्लतामापक पीएच 3.2 असताना हा अंश मुक्त, म्हणजे वाइनमधील इतर घटकांशी न जोडल्या गेलेल्या, सल्फाइटच्या सुमारे 4 टक्के असतो, तर 3.8 असताना जेमतेम 1 टक्का उरतो; म्हणून कमी आंबट वाइनला तितक्याच संरक्षणासाठी जवळजवळ चौपट मुक्त सल्फाइट लागते, आणि पीएच न मोजता पुडी ओतणे ही पद्धत सदोषच म्हणावी लागेल.

पोटॅशियम सॉर्बेट यीस्टला मारत नाही, केवळ त्याची वाढ थांबवते. त्यामुळे आंबवण पूर्ण झाल्यावरच, विशेषतः वाइन नंतर गोड करायची असल्यास, ते घालतात. सल्फाइटविना ते वापरल्यास लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू त्याचे रूपांतर करतात आणि जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा, पुढे काढता न येणारा वास वाइनला लागतो.

काही संचांत वाइन नितळ करण्यासाठी दिलेले कायटोसान कवचधारी जलचरांपासून काढलेले असते, तर सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होतो. अशा जलचरांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि दमेकऱ्यांनी वेष्टनावरील घटकांची यादी अवश्य वाचावी.