डुक्कर फियाट विकायची आहे!

दोस्तांनो, 'डुक्कर' हे नाव वाचून नाक मुरडू नका बरं! हे एका मोटारीचं लाडाचं नाव आहे. १९५०च्या दशकात फियाट ११०० ही गाडी आपल्या रस्त्यांवर आली. तिचं नाक गोलमटोल आणि पाठ फुगीर. बघणाऱ्यांना भलत्याच प्राण्याची आठवण झाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढची दारं तर चक्क उलटी! बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार कपाटासारखं पुढून उघडायचं. गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या बाजूला. इटलीत हिला 'मिलेचेंतो' म्हणतात. त्याचा अर्थ नुसता 'अकराशे'! इंजिन खरं १०८९ सीसीचं, पण आकडा गोल केला की बोलायला सोपा.

आपल्याकडे ती तयार व्हायची मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली होती. 'पद्मिनी' ही हिचीच धाकटी नात म्हणा ना! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

आता समजा, अशी एक १९५६ सालची डुक्कर फियाट तुमच्याच घरी आहे. आजोबांची. निवृत्त झाल्यावर आजोबांनी ती पुन्हा नवी करायला घेतली. डावीकडचा पत्रा करून झाला, रंगाचा पहिला हात झाला, इंजिन खोलून परत बसवलं. सीटची गादी मात्र उसवलेलीच राहिली, बंपर क्रोमिंगला जायचा राहिला, आणि अर्ध्यावरच आजोबा गेले. गाडी ताडपत्रीखाली अंगणात उभी आहे. बाबा म्हणतात, "विकून टाकू या." आत्या म्हणते, "मुळीच नाही!" आजी काहीच बोलत नाही. भंगारवाला मात्र येऊन किलोवर भाव सांगून गेलाय. तुम्ही काय कराल?

"तशीच राहू दे" हे उत्तर सगळ्यात सोपं वाटतं ना? पण गाडीच्या दृष्टीनं तेच सगळ्यात वाईट. का ते सांगतो. ट्रकला खाली लोखंडी सांगाडा वेगळा असतो आणि त्यावर बाकीचं धूड बसवलेलं असतं. आपल्या डुक्कर फियाटला असा वेगळा सांगाडाच नाही. तळाचा पत्रा, खांब, छत हे सगळं मिळूनच तिचा कणा. त्यामुळे तळाला गंज लागला की तो नुसता डाग नसतो, तिची हाडंच ठिसूळ होत जातात. आणि आपल्याकडे पाऊस चार महिने! ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते ती वेगळीच. म्हणजे घरातला वाद जितके पावसाळे चालेल, तितकी गाडी कमी होत जाणार.

मग आधी पूर्ण करून विकावी का? इथे बरेच जण फसतात. अर्धं काम झालंय म्हणजे अर्धाच खर्च उरला, असं नसतं. पत्र्याचं आणि इंजिनचं काम डोळ्यांना दिसतं, पण काचांभोवतीचे रबर, वायरिंग, क्रोम, दारांच्या मुठी अशा बारीकसारीक वस्तूच जास्त पळवतात. शिवाय घेणारा शौकीन असेल तर त्याला स्वतःच्या पसंतीच्या कारागिराकडून काम करून घ्यायचं असतं. तुम्ही घाईनं फासलेला झगझगीत रंग तो आधी खरवडून काढेल! माझं मत विचाराल, तर गाडी आहे त्या स्थितीत विकावी. पण 'आहे ती स्थिती' नेमकी काय, हे आधी आपल्याला माहीत हवं. आणि इथेच तुमचं काम सुरू होतं.

एक साधं लोहचुंबक घ्या. रंगावर ओरखडा नको म्हणून ते मऊ फडक्यात गुंडाळा आणि गाडीवरून हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथं ते चिकटेल. जिथं पकड ढिली होईल, तिथं रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असं समजा. म्हणजे खड्डा किंवा गंज बुजवलाय! वहीत गाडीचं चित्र काढून तिथं खूण करा. चारही दारं, तळ, चाकांवरच्या कमानी, काही सोडू नका.

मग आजोबांची ती पत्र्याची पेटी उघडा. अर्धवट गाडीची खरी किंमत पुष्कळदा या पेटीत असते. तिच्यात दिव्यांच्या कड्या, स्क्रू, बोनेटवरचं चिन्ह असं काय काय निघेल. तुम्हाला कचरा वाटेल, पण या वस्तू आज दुकानात मागून मिळत नाहीत. एकेक पिशवीत घालून चिठ्ठी लावा. कामाची बिलं आणि आजोबांनी काढलेले फोटोही जपून ठेवा. आत लपलेलं काम खरंच झालंय, हे त्यांवरूनच कळतं.

इंजिनला मात्र हात लावू नका हं! बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन किल्ली मारून सुरू करायला जाणं हा वेडेपणा. आतले पिस्टन गंजून धरलेले असू शकतात. जाणता मेकॅनिक आधी प्लग काढतो, चारही सिलिंडरांत थोडं तेल सोडतो, एक-दोन दिवस थांबतो आणि मग इंजिन हातानं फिरवून बघतो. कुणी म्हणेल, "त्यापेक्षा दुसरं डिझेल इंजिन टाका की!" ऐकू नका. २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं उलटलेली गाडी त्यात बसते, पण ती मूळ रूपात हवी. सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशा नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं असतात, आणि गाडी रोज बाजारात न्यायला परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. घेणाऱ्याला ही नोंदणी हवी असेल, तर मूळ इंजिन ही मोठीच जमेची बाजू.

नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा खेळ तुम्ही खेळला असालच. तसाच छाप गाडीच्या चासी नंबरचा घेतात आणि तो आरसी बुकशी ताडून बघतात. इंजिन नंबरही ताडायचा. दोन्ही जुळले की अर्धी लढाई जिंकली!

उरलेली अर्धी कागदावरची. आजोबांच्या नावावरची गाडी बाबांना परस्पर विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि आरटीओचा फॉर्म ३१ लागतो. बाकीच्या वारसांची हरकत नाही, हेही लेखी द्यावं लागतं. म्हणजे आजी आणि आत्याची सही हवीच. म्हणूनच आत्याचा राग टाळून पुढं जाता येत नाही, आणि आजीला न विचारता तर नाहीच नाही. तिच्याशेजारी बसा आणि विचारा. कदाचित ती म्हणेल, "उभ्या उभ्या कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी हाती धावू दे." कदाचित म्हणेल, "एवढा पावसाळा थांबा." तिचं म्हणणं आत्यालाही ऐकू द्या.

गिऱ्हाईक येतील ते दोन तऱ्हांचे. एक गाडी उभी करणारा, दुसरा सुटे भाग काढून विकणारा. दुसराही पैसे रोखच देतो, त्याला चोर म्हणू नका. पण कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. "पेटीतलं सामान कुठे आहे? बिलं आहेत का? तळ बघू?" असं विचारत जो गाडीखाली सतरंजी टाकून शिरेल, तो बहुधा पहिल्या जातीचा! त्याला तुमची वही दाखवा, चुंबकाच्या खुणांसकट. दोष झाकले तर तो चार दिवसांत शोधेलच, आणि मग भांडण. आधीच सांगितले तर भाव थोडा कमी येईल, पण व्यवहार स्वच्छ.

इसार घेतला तरी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन ते आरटीओत गेल्याशिवाय गाडी नेऊ देऊ नका. नोंद जुन्या नावावर राहिली आणि पुढं अपघात झाला, तर नोटीस तुमच्याच दारी येते.

आठवण म्हणून बोनेटवरचं चिन्ह काढून ठेवायचा मोह होईल. राहू द्या. त्याविना गाडी अपुरी दिसेल. फोटो काढा, पेन्सिलचा छाप आणखी एक घ्या, तो तुमचा. आणि वहीचं शेवटचं पान रिकामं ठेवून आजीला विचारा: थंडीत गाडी सुरू कशी व्हायची? घाटात गरम व्हायची का? कुठलं दार आपटावं लागायचं? सांगेल ते सगळं लिहा आणि किल्लीबरोबर ते पानही नव्या मालकाला द्या.