ग्रामीण संगणकप्रवेश : लिपीच्या अंगाने एक विचार

परदेशी स्वयंसेवकाने खेड्यात जावे, सोबत संगणक न्यावे आणि तेथील मुलांना ते शिकवावे, ही कल्पना गेल्या पाव शतकात बरीच रूढ झाली. अशा कार्याचा विचार बहुधा यंत्रांची संख्या, वीज आणि जोडणी यांच्या अनुषंगाने होतो. यंत्र गावी पोहोचल्यावर त्यावर काय लिहिता येते, हा प्रश्न मात्र सहसा मागे पडतो. तो भाषाभ्यासकाच्या कक्षेतील असल्यामुळे त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

महाराष्ट्रात या विषयाची दोन उदाहरणे बोधक आहेत. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात 1998 मध्ये शासकीय साहाय्याने सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. उसाची नोंद, वजन, तोडणीची पाळी अशी माहिती शेतकऱ्यास गावातच मिळू लागली. परंतु यंत्रासमोर बसत असे तो केंद्रचालक. पुढे 2007 च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांनी तेच काम चालविण्याचा प्रयोग झाला आणि तो साधला. याचा अर्थ असा की, शेतकऱ्याला माहिती मिळत होती, पण त्याचा हात कळफलकास लागण्याची गरज कधी पडलीच नव्हती.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावचे. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी 2005 मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रत्येक बालकास एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग 2007 मध्ये तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत झाला. परदेशातून आलेल्या कार्यकर्त्यांचे साहाय्य त्यास लाभले. तत्पूर्वी, 2006 मध्ये, केंद्रीय शिक्षणखात्याने हा उपक्रम शैक्षणिक दृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारला होता, हे लक्षात घेतले म्हणजे खैराटच्या प्रयोगाचे महत्त्व ध्यानात येते. येथे मध्यस्थ नव्हता. यंत्र मुलाच्या मांडीवर होते. म्हणूनच लिपीचा प्रश्न वारणेस उद्भवला नाही तितक्या तीव्रतेने अशा शाळेत उद्भवतो.

देवनागरीसाठी भारत सरकारने 1986 मध्ये सिद्ध केलेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक वर्णमालेच्या तत्त्वावर उभा आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण एकाच कळीवर, म्हणजे क च्या कळीवर वरची खूण दाबून ख, प च्या कळीवर फ. ज्या मुलाने बाराखडी घोकली आहे त्याला ही रचना अर्धी पाठच असते. प्राचीन शिक्षाग्रंथांतील वर्गीकरण यंत्राच्या उपयोगी पडल्याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण. आणखी एक गोष्ट अशी की, ‘किती’ हा शब्द येथे उच्चाराच्या क्रमाने उमटतो : आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. जुन्या टंकयंत्रावर वेलांटी प्रथम ठोकावी लागे, कारण ती डोळ्यांना प्रथम दिसते. पुढील काळात प्रचारात आलेल्या अनेक मुद्राक्षरसंचांनी हाच दृश्यक्रम पत्करला; परिणामी एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. 1988 च्या ‘इस्की’ संकेतावर आधारलेल्या युनिकोडमधील देवनागरीने उच्चारक्रम स्वीकारला, आणि हा घोळ पुष्कळसा निस्तरला.

तरीही मराठीची अशी काही खास निकड राहतेच. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी पाहावी. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या खिंडी. कोकणात दोन्हींचे काम रोज पडते. हा भेद लेखनात केवळ र च्या आकाराने दाखविला जातो, आणि ‘ऱ’ ची कळ ठाऊक नसल्यास तो पुसला जातो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील घोटाळा तर थेट मानापमानाचा. हिंदीच्या अभ्यासावरून देवनागरी शिकून आलेल्या परदेशी स्वयंसेवकास या चिन्हाची आठवणही होत नाही. यात त्याचा दोष नाही. त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. विचुंबे हे नवीन पनवेललगतचे गाव; पनवेल-उरणच्या या पट्ट्यात आगरी बोली बोलली जाते आणि तीत ळ चा ल, ण चा न होतो. इन्स्क्रिप्टवर ल व ळ एकाच कळीवर आहेत. घरी ‘काला’ म्हणणारे मूल ‘काळा’ लिहिताना त्याच कळीवर वरची खूण दाबते. प्रमाणभाषेपर्यंतचे अंतर त्याच्या बोटांना एका दाबाइतके जाणवते. मात्र शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्याच्या एखाद्या बोलीरूपाखाली रेघ ओढील, आणि ती रेघ प्रमादाची की बोलीची, हे त्याला समजावण्यास गावचाच शिक्षक हवा. चार आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्याचे ते काम नव्हे.

नामकरणाच्या बाबतीत मुले स्वयंपूर्ण असतात, असे दिसते. दिल्लीतील कालकाजी येथे 1999 मध्ये सुगत मित्रा यांनी भिंतीत बसविलेल्या संगणकावर, कोणी न शिकविता, मुलांनी पडद्यावरील बाणास ‘सुई’ आणि वाळूच्या घड्याळास ‘डमरू’ म्हटले. परिभाषा समित्यांनी या दोन शब्दांकडे असूयेने पाहावे, इतके ते नेमके आहेत.

वर्णांचे मात्र तसे नाही. तेथे मुलांची कल्पकता चालत नाही, संकेत आधी ठरलेला असावा लागतो. ‘ॲसिड’ मधील ॲ या मराठी अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 मध्ये, आणि शासनाच्या अद्ययावत वर्णमालेत ते आले नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने. खैराटच्या शाळेत यंत्रे पोहोचली ती 2007 मध्ये.