ज्याला भाव नाही, ते गाडीत

पहाटे पाच. दिवसातली पहिली कात्री दुधाच्या पिशवीला लागते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या मुलांना मी पोळी-भाजीचे डबे देते, त्यामुळे घरात पिशव्या, पाकिटं आणि पुठ्ठ्याचे खोके सतत येत असतात. पिशवीचा कोपरा कापून सुटा करायचा नाही, हा माझ्या ओट्यावरचा नियम. नुसती चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लोंबकळू द्यायचा. सुटलेला तो नखाएवढा त्रिकोण मोरीच्या जाळीत अडकतो, नाहीतर मेथीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातो आणि तिथून खतात. चाळणीतूनही तो सहज निसटतो. २०१९ मध्ये दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत ठेवून ती परत घ्यायची घोषणा झाली होती. माझ्या दुकानदाराने काही ते पन्नास पैसे कधी हातावर ठेवले नाहीत.

रिकाम्या पिशवीत थोडं पाणी घालून खळबळते. ते पाणी कणकेत जातं आणि पिशवी उलटी करून खिडकीतल्या दोरीवर चिमट्याला. तेलाच्या पिशवीचं प्रकरण अवघड. ती आधी कढईवर उलटी टांगून निथळू द्यायची, मग उभी कापून आतून कोरडी कणीक फिरवायची. कणीक तेल टिपून घेते आणि तीच पोळ्यांना लागते. घरातल्यांना हा चिक्कूपणा वाटतो. वाटू दे. तेलकट पिशवी सुक्या डब्यात गेली की शेजारचा कागदही बाद होतो, हे त्यांना कोण सांगणार?

सव्वासात. घंटागाडी. ही गाडी आमच्या नाशिकची, नव्वदच्या दशकात सुरू झालेली, याचा मला अजून थोडा तोरा आहे. नाव घंटेवरून पडलं, आता भोंग्यावर गाणं वाजतं. गाडी आमच्या गल्लीत थांबते जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत काही निवडून होत नाही. कचऱ्याचे डबे आदल्या दिवशीच वेगळे झालेले असले तरच ते वेगळे जातात.

"काकू, यात काच आहे का?" गाडीवरचा दादा पिशवी हातात तोलून विचारतो.

"आहे. फुटका ग्लास. कागदात गुंडाळून वर लिहिलंय बघ."

सॅनिटरी पॅडही असेच, कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेले, वेगळ्या पुडीत. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. पण ती लाल खूण मी नियमासाठी करत नाही. पुढे पाथर्डीच्या खतप्रकल्पावर किंवा वाटेतच कुणीतरी त्या ढिगात हात घालणार असतो, म्हणून करते.

आठ ते बारा सांगण्यासारखं काही नाही. पोळ्या, भाजी, डबे भरणं. देठं आणि सालं एका घमेल्यात साठतात. त्यातलं हिरवं मागच्या गल्लीतल्या गायीला, उरलेलं ओल्या डब्यात.

दुपारी दोनला दोरीवरच्या पिशव्या खडखडीत वाळलेल्या असतात. आता खरं निवडणं. खोक्यांची चिकटपट्टी सोलून पुठ्ठा दाबून सपाट करायचा. सॉसच्या बाटलीचं झाकण वेगळं, कारण बाटली एका प्लास्टिकची आणि झाकण दुसऱ्याच. मसाल्याची आणि वेफरची पाकिटं चकवतात. आत चांदीसारखी चमकतात, पण मुठीत चुरगळून सोडली की पुन्हा हळूहळू उलगडतात. निव्वळ ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळली की तशीच राहते. उलगडलं ते पाकीट म्हणजे एकमेकांना चिकटवलेले थर. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

चार वाजता भंगारवाला येतो, आणि मला रोज नव्याने कळतं की आपण ज्याला सुका कचरा म्हणतो तो आधी याच्या तागडीतून चाळून निघालेला असतो. रद्दी, पुठ्ठा, तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्याच्या हातगाडीवर. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला, त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. तो बाजार अनधिकृत होता हे खरंच. पण शहराचा केवढा तरी माल तिथून पुन्हा कारखान्याकडे जायचा, हेही खरं.

"ताई, दुधाच्या पिशव्या धुतलेल्या आहेत ना?"

"हात लावून बघ."

तो बघतो. वास घेतो. धुतलेली, वाळलेली पिशवी तो वेगळी बांधतो. आंबट वासाची असती तर गाडीवर चढली नसती. वेफरची पाकिटं मात्र कितीही पुसून दिली तरी तो बाजूला सारतो. "याला भाव नाय." तेवढीच उद्याच्या सुक्या डब्यात जातात. म्हणजे ज्याला भाव आहे ते घराबाहेर पडायला गाडीची वाट बघत नाही, आणि महापालिकेच्या वाट्याला नेमकं तेच येतं जे कुणालाच नको. त्याचं इंधन करून सिमेंटच्या भट्ट्यांना द्यायची सोय असते, पण त्यासाठीही ते कोरडं लागतं. भिजलेलं नीट जळत नाही.

रात्री आठ. डबे परत येतात. एक पोरगा दारातच घुटमळतो.

"काकू, उद्या माझं प्लास्टिकच्या डब्यात पार्सल द्याल? स्टीलचा परत आणायला विसरतो मी."

"देते. पण तो डबा धुऊन मलाच परत आणायचा."

"मग स्टीलचाच द्या ना!"

"तेच तर म्हणतेय."