कडक पितळ : कातायला सोपे, वाकवायला अवघड

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील लेथवाल्या कारागीर बंधूंना पितळी सळई नवी नाही. फवारणी पंपाचे नोझल, पाइपाचे जोड, नट, बुश असे किती तरी सुटे भाग तिच्यातून निघतात. सळई घेताना भाव विचारला जातो, जाडी विचारली जाते. माल कडक की नरम, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. मग तयार माल चिरून परत आला की दुकानदार कारागिराकडे बोट दाखवतो आणि कारागीर सळईकडे.

लेथसाठी खास बनणाऱ्या या पितळात शंभर भागांत साधारण ५६ ते ६३ भाग तांबे, २ ते ३.५ भाग शिसे आणि बाकी जस्त असते. शिसे पितळात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात पसरून राहते. त्यामुळे हत्यार लावताच लांब तार न निघता चुरा पडतो आणि आटे स्वच्छ येतात. कोणता धातू किती सहज कातला जातो हे मोजताना याच पितळाला १०० गुण धरून इतरांची तुलना करतात.

आता कडकपणाची गोष्ट. पोलाद तापवून पाणी दिले की कडक होते, म्हणून पितळही होईल, असा समज आहे. तो चुकीचा आहे. पितळ तापवले की नरमच होते, मग पाण्यात बुडवा की हवेत ठेवा. त्याला कडकपणा येतो तो थंड सळई डायमधून ओढल्याने. नरम सळई तुटण्यापूर्वी शंभरास ५० च्या आसपास ताणते. अर्धी कडक केलेली २५ च्या आसपासच. उलट कायमची वाकण्यापूर्वी नरम सळई चौरस मिलिमीटरला सुमारे १३ किलो भार सोसते, तर अर्धी कडक सुमारे ३२ किलो. जाड सळईत हा कडकपणा कमी भरतो. म्हणून ज्या तुकड्याचे डोके ठोकून रिवेट करायचे किंवा जो वाकवायचा, त्याला कडक माल घेऊ नये. आणि कडक भागाला ब्रेझिंगची आच दिली, तर तेवढ्या जागेचा कडकपणा गेला, हे धरूनच चालावे.

ओढलेल्या सळईत ताण दडून राहतो. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली असता आपोआप चिरत. १९२१ मध्ये उलगडा झाला : जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया, ओल आणि धातूतील ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटते. आपल्याकडे तर गोठा आणि युरियाची पोती घरोघरी. ओलसर युरियाही अमोनिया सोडतो. तेव्हा खताच्या खोलीत पितळी माल ठेवणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय. महत्त्वाचा माल तयार झाल्यावर २५० ते ३०० अंश सेल्सिअसवर तासभर तापवला, तर ताण निघून जातो आणि कडकपणा फारसा जात नाही.

बिलावर नुसते ‘पितळ रॉड’ लिहून घेऊ नये. या सळईसाठी भारतीय मानक आय.एस. ३१९ आहे. त्यातील कोणती प्रत आणि नरम, अर्धा कडक की कडक, हे लिहून घ्यावे. तक्रारीच्या वेळी तोच कागद कामी येतो. वजनाचा हिशेबही सोपा आहे : गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि ०.००६६८ ने गुणावे, मीटरचे किलो निघतात. २५ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ४.१७ किलो भरते.

शिशामुळे या सळईतून खाण्यापिण्याची भांडी मात्र करू नयेत. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागांत शिशाची मर्यादा शंभरास पाव भाग केली आहे. नळाचा माल तिकडे पाठवणाऱ्यांच्या कामी ही सळई येणार नाही. लेथवर बसणाऱ्यानेही जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, आणि चुरा झाडताना तोंडाने फुंकू नये.