विश्लेषण : एक्स-रे फिकट आला… दोष यंत्राचा की फिल्म धुणाऱ्या प्रोसेसरचा?

एक्स-रे काढताना रुग्णाचे लक्ष डोक्यावरच्या मोठ्या यंत्राकडे असते. पण जिथे आजही रसायनात धुतली जाणारी फिल्म वापरली जाते, तिथे चित्र तयार होते ते शेजारच्या अंधाऱ्या खोलीतील प्रोसेसरमध्ये. तिथले रसायन बिघडले, तर चांगल्या यंत्राने काढलेला एक्स-रेही वाया जातो. त्याहून गंभीर म्हणजे, तो बिघाड झाकण्यासाठी रुग्णाला जास्त किरण दिले जाऊ शकतात. म्हणूनच प्रोसेसरची रोजची तपासणी महत्त्वाची ठरते.

स्वयंचलित प्रोसेसर कधी आला?

विल्हेम रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर कित्येक दशके फिल्म चौकटीला अडकवून हातानेच टाक्यांमध्ये बुडवली जाई. ती धुऊन वाळायला तासभर लागे. १९४२ मध्ये अमेरिकेतील पॅको कंपनीने पहिला स्वयंचलित प्रोसेसर आणला. १९५६ मध्ये कोडॅकने रुळांमधून फिल्म सरकवत नेणारा ‘एक्स-ओमॅट’ बाजारात आणला आणि १९६५ पर्यंत हे काम अवघ्या ९० सेकंदांवर आले. वेग वाढला, तशी चुकीला असलेली जागाही कमी झाली. हाताने धुताना अनुभवी तंत्रज्ञ फिल्मकडे पाहून ती थोडा वेळ जास्त ठेवू शकत असे. यंत्रात ती सोय नाही.

आत नेमके काय घडते?

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. किरण पडलेल्या कणांमध्ये बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर हे द्रावण त्या कणांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते. फिक्सर उरलेले, किरण न पडलेले कण विरघळवून काढतो. मग पाण्याने धुणे आणि गरम हवेने वाळवणे. ९० सेकंदांच्या यंत्रात डेव्हलपरला साधारण पाव मिनिटापेक्षा थोडा जास्तच वेळ मिळतो. त्यामुळे द्रावण ३३ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास गरम ठेवावे लागते. प्रत्येक फिल्म आत जाताना द्रावणाची ताकद थोडी कमी होते, म्हणून पंप ठरावीक प्रमाणात ताजे द्रावण सोडत राहतो.

बिघाड कुठे होतो?

तापमान, वेळ, द्रावणाची ताकद आणि स्वच्छता या चारही ठिकाणी. हीटर किंवा थर्मोस्टॅट बिघडला की तापमान हलते. पंप अडकला की ताजे द्रावण येत नाही. दिवसाला मोजक्याच फिल्म निघणाऱ्या छोट्या दवाखान्यात वेगळी अडचण असते. तिथे द्रावण वापराने नव्हे, तर हवा लागून निकामी होते आणि कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसू लागते. रॅक साफ करताना फिक्सरचे शिंतोडे डेव्हलपरमध्ये उडाले, तर अगदी थोड्या प्रमाणातही ते डेव्हलपर बिघडवतात. अशा वेळी अमोनियाचा उग्र वास येतो. रुळांवर साचलेला मळ फिल्मवर समान अंतराने रेघा उमटवतो. हे अंतर रुळाच्या परिघाइतके असेल, तर गुन्हेगार कोणता रूळ हे मोजपट्टीनेही शोधता येते.

रुग्णाचे नुकसान काय?

समजा, डेव्हलपर कमजोर झाला. फिल्म फिकट येऊ लागल्या. तंत्रज्ञाला वाटते, किरण कमी पडले. तो यंत्रावरचा आकडा वाढवतो आणि पुढची फिल्म नीट काळी येते. वरवर पाहता प्रश्न सुटला. प्रत्यक्षात त्या दिवसापासून येणारा प्रत्येक रुग्ण गरजेपेक्षा जास्त किरण घेऊन घरी जातो आणि फिल्म पाहून कोणालाही ते कळत नाही. उलट द्रावण जास्त गरम झाले, तर किरण न पडलेले कणही काळे होऊ लागतात. फिल्मवर धुके चढते. काळ्या-पांढऱ्यातला फरक पुसट झाला की केसाएवढी भेग, फुप्फुसातला लहानसा डाग किंवा स्तनांच्या तपासणीतील कॅल्शियमचे बारीक कण नजरेतून सुटू शकतात. आणि फिल्म वाचतच नसेल, तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट.

रोजची चाचणी कशी करतात?

यासाठी एक्स-रे यंत्राची गरजच नसते. सेन्सिटोमीटर हे छोटे उपकरण फिल्मवर मोजून-मापून प्रकाश टाकते. तो २१ पायऱ्यांत वाढत जातो. ही फिल्म प्रोसेसरमधून काढली की फिकटपासून गडद काळ्यापर्यंतच्या २१ पट्ट्या मिळतात. डेन्सिटोमीटरने त्यांचा काळेपणा मोजतात. काळेपणा १ म्हणजे फिल्ममधून एक दशांश प्रकाश पार होतो, २ म्हणजे एक शतांश.

यातून तीन आकडे काढतात. प्रकाश न पडलेल्या भागाचा काळेपणा म्हणजे धुक्याची पातळी. मधल्या, साधारण १.२० काळेपणाच्या पायरीवरून वेग कळतो. एक गडद आणि एक फिकट पायरी यांतील फरकावरून काळ्या-पांढऱ्याची तफावत कळते. स्वच्छ केलेल्या, ताजे द्रावण भरलेल्या यंत्रावर लागोपाठ पाच दिवस चाचणी करून सरासरी काढतात. तोच पाया. त्यानंतर रोज सकाळी यंत्र पुरेसे तापल्यावर, रुग्णाची पहिली फिल्म टाकण्याआधी चाचणी करायची आणि तीनही आकडे आलेखावर मांडायचे. चाचणीसाठी एक खोका राखून ठेवतात, कारण फिल्मचा गट बदलला तरी आकडे बदलतात. पट्टी ट्रेच्या एकाच बाजूने आणि एकाच दिशेने आत सोडायची, हाही नियमच.

किती फरक चालतो?

याचे सर्वात ठळक उदाहरण अमेरिकेतील मॅमोग्राफीचे आहे. तिथे १९९२ मध्ये स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार फिल्म वापरणाऱ्या केंद्राला प्रोसेसरची चाचणी कामाच्या प्रत्येक दिवशी, रुग्णांच्या फिल्म धुण्याआधी करावी लागे. वेग आणि तफावत हे दोन आकडे पायापासून ०.१५ पेक्षा जास्त वर किंवा खाली जाता कामा नयेत. धुके ०.०३ पेक्षा जास्त वाढू नये. मर्यादा ओलांडली, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या यंत्रात रुग्णाची फिल्म टाकता येत नसे. डेव्हलपरच्या तापमानात साधारण ०.३ अंश सेल्सियसचाच फरक चालतो. ते मोजायला पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर वापरायचा नाही. तो आत फुटला तर पारा प्रोसेसरमध्ये मिसळतो.

आलेखावरून दोष कसा ओळखतात?

वेग आणि तफावत घसरली, धुके मात्र जागेवर असेल, तर द्रावण थंड किंवा कमजोर झाल्याचा संशय घेतात. वेग आणि धुके दोन्ही चढले, तर तापमान वाढले असावे किंवा ताजे द्रावण गरजेपेक्षा जास्त येत असावे. धुके वाढून तफावत कमी झाली, तर डेव्हलपरमध्ये भेसळ, अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा किंवा उष्ण-दमट जागी ठेवलेल्या फिल्म तपासायला हव्यात. एका दिवसाच्या उडीपेक्षा सलग काही दिवस एकाच दिशेने सरकणारी रेषा जास्त महत्त्वाची. मर्यादा ओलांडण्याआधीच ती धोक्याची सूचना देते. तिथे नुसता यंत्रावरचा आकडा वाढवणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला फक्त पंखा लावून देणे.

फिक्सरची तपासणी का?

फिक्सर फिल्ममधून नीट धुतला गेला नाही, तर तो आतच राहतो आणि काही वर्षांनी फिल्म पिवळी-तपकिरी पडते. जुन्या फिल्मशी तुलना करायची वेळ येते तेव्हा ती निरुपयोगी ठरते. म्हणून फिल्मवर चाचणीचा थेंब टाकून उरलेल्या फिक्सरचे प्रमाण ठरावीक काळाने पाहतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. ते सरळ गटारात ओतायचे नसते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये एक्स-रे फिल्म धुण्याच्या चांदीयुक्त द्रावणाचा समावेश रासायनिक द्रव कचऱ्यात आहे. ते वेगळे गोळा करून त्यावर प्रक्रिया करणे बंधनकारक आहे.

डिजिटलच्या काळात याची गरज उरली का?

मोठ्या रुग्णालयांत बहुतेक एक्स-रे आता डिजिटल आहेत. रुग्णाच्या हाती पडणारी निळसर फिल्म बहुधा कोरड्या प्रिंटरवर छापलेली असते, तिला द्रावण लागत नाही. पण काही लहान केंद्रे, दंतवैद्यक आणि कारखान्यांतील वेल्डिंगच्या सांध्यांची तपासणी इथे रसायनात धुतली जाणारी फिल्म आजही आढळते. भारतात एक्स-रे यंत्रांच्या किरणोत्सर्ग सुरक्षेचे नियमन मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळ करते आणि यंत्रांची गुणवत्ता चाचणी ठरावीक मुदतीने करावी लागते. प्रोसेसर मात्र काही दिवसांतच बिघडू शकतो. तो पकडायला रोजचीच चाचणी हवी, आणि ती केंद्रानेच करायची असते.

डिजिटलमध्येही तोच धोका वेगळ्या रूपात आहे. किरण जास्त पडले तरी संगणक चित्र नीट करून दाखवतो, त्यामुळे मात्रा हळूहळू वाढत गेली तरी लक्षात येत नाही. तिथे आलेखाच्या जागी प्रत्येक चित्रासोबत येणारा किरणांचा निर्देशांक पाहावा लागतो.

रुग्णाने काय करावे?

डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे टाळू नये. पण ‘पुन्हा काढावा लागेल’ असे सांगितले गेले, तर कारण जरूर विचारावे. हालचालीमुळे, की फिल्म नीट आली नाही म्हणून? दुसरे कारण वारंवार ऐकू येत असेल, तर प्रोसेसरची शेवटची चाचणी कधी झाली, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या केंद्रात त्याचे उत्तर भिंतीवरच्या आलेखावर लिहिलेले असते.