मंगलकार्याचे छायाचित्रण

छायाचित्रणाची हौस असणे निराळे आणि परक्याच्या घरच्या लग्नाची छायाचित्रे काढण्याचे पत्करणे निराळे. अंतरपाट एकदाच दूर होतो. तो क्षण हुकला की हुकलाच. म्हणून नवशिक्याने महागड्या कॅमेऱ्याआधी जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे आणि, उसना का होईना, दुसरा कॅमेरा जवळ बाळगावा. कार्यालय आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळी पाहून उजेड कोठून येतो ते हेरावे. मंद उजेडात एफ १.८ छिद्राचे ५० मिलिमीटरचे भिंग उपयोगी पडते; माणसे हलती असल्याने शटर साधारणतः १/१२५ सेकंदाहून मंद ठेवू नये. वधूवरांच्या व्यक्तिचित्रांना खिडकीचा तिरपा उजेड व डोळ्यांवर नेमका फोकस पुरतो. घरी परतताच चित्रांची दुसरी प्रत करावी. तोवर कार्ड पुसू नये. जबाबदारी संपते ती तेव्हाच.